डिझेल अडले कुठे?

भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यात तयार झालेले सुटे भाग चाकणच्या मोठ्या कारखान्यात पोहोचवायचे असले, की ते काम बहुधा डिझेलवर चालणारी एखादी पिकअप करते. चिंचवड-चाकण पट्ट्यात अशा गाड्या दिवसरात्र धावताना दिसतात. या जातीच्या गाडीचे इथल्या मातीशी नातेही जुने आहे. टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यातून १९८८ साली ‘टाटामोबाइल’ नावाची पिकअप बाहेर पडली, तेव्हापासून लहान मालवाहतुकीचे चित्र हळूहळू बदलत गेले. आज अशा गाडीचा मालक अनेकदा स्वतःच चालकही असतो. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई जाते, आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

अशी गाडी बंद पडली, सेल्फ फिरतो आहे पण इंजिन सुरू होत नाही, की पुष्कळदा एक गोष्ट घडते. फिल्टर बदलतात, मग नॉझल बदलतात, शेवटी सर्वांत महाग असलेला पंप उतरवतात. आणि दोष असतो काही रुपयांच्या रबरी नळीत! हे टाळता येते. त्यासाठी लागणारे ज्ञान नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानापलीकडचे नाही. हवा दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही, आणि वातावरणाला दाब असतो, एवढे ठाऊक असले तरी पुष्कळ काम भागते. बाकी लागते ती प्रश्न योग्य क्रमाने विचारण्याची सवय.

टाकीपासून नॉझलपर्यंत

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबून तिचे घनफळ सुमारे अठरा ते बाविसाव्या हिश्शावर आणली, की ती पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटते. म्हणून इंजिन पुरेशा वेगाने फिरत असेल आणि हवा नीट दाबली जात असेल, तर उरणारा मुख्य प्रश्न एकच: डिझेल योग्य वेळी, योग्य प्रमाणात आत पोहोचले का?

हे काम दिसते तितके सोपे नाही. रुडॉल्फ डिझेलचे यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे चालले, तेव्हा इंधन आत घालण्यासाठी त्याला दाबलेल्या हवेचा झोत वापरावा लागला. वेगळा कॉम्प्रेसर बाळगणारे असे इंजिन मोटारीत बसवणे कठीणच होते. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ मध्ये इंधन दाबून फवारणाऱ्या पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिन ट्रकवर चढले. आपल्याकडे हे पंप आणि नॉझल ‘मायको’ या नावाने घराघरांत नव्हे, तरी गॅरेजा-गॅरेजांत पोहोचले. ही कंपनी १९५१ साली बंगलोरला स्थापन झाली. पुढे तिचा कारखाना नाशिकलाही झाला आणि २००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड आहे.

जुन्या यांत्रिक पद्धतीच्या पिकअपमध्ये डिझेलचा प्रवास असा होतो. टाकीतल्या जाळीतून ते नळीत येते. इंजिनावर बसवलेला छोटा फीड पंप ते ओढून घेतो आणि फिल्टरमधून मुख्य पंपाकडे ढकलतो. वाटेत किल्लीबरोबर उघडणारी-मिटणारी एक विजेची झडप असते. मुख्य पंप ते सुमारे २०० वातावरण इतक्या दाबाने पोलादी नळ्यांतून नॉझलकडे पाठवतो, आणि नॉझल ते सिलिंडरमध्ये फवारते.

आता थोडा हिशोब करू. दोन लिटरच्या आसपासचे चार सिलिंडरांचे इंजिन पूर्ण भारावर, मिनिटाला २५०० फेऱ्यांनी चालताना तासाला साधारण १३.५ लिटर डिझेल पिते असे धरा. चार टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एक फवारा पडतो. म्हणजे तासाला तीन लाख फवारे झाले. भागाकार केला की एका फवाऱ्यात ४५ घन मिलिमीटर डिझेल येते. पाण्याच्या एका थेंबापेक्षाही हे कमी आहे. हा ४५ चा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

पहिला प्रश्न धुराला

गाडी सुरू होत नसेल तर हत्यारे काढण्याआधी एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून सायलेन्सरकडे पाहावे. काहीच धूर येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढुरका धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. मग इंजिन थंड असणे, हवा पुरेशी दाबली न जाणे किंवा फवाऱ्याची वेळ चुकणे या कारणांकडे वळावे. गाडी सुरू होऊन काळा धूर ओकत असेल, तर हवेच्या मानाने डिझेल जास्त होते आहे. अशा वेळी हवेचा फिल्टर आणि नॉझल पाहावेत.

एका दृष्टिक्षेपात, एकही नट न सोडता, आपण शक्यतांचे मोठे गट बाजूला केले. धूर नाही असे दिसल्यावर हवेच्या फिल्टरवर पैसे खर्च करण्यात अर्थ उरत नाही. सेल्फ मात्र एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये. नाहीतर एका दोषाचे दोन होतात, कारण बॅटरी उतरते आणि सेल्फची मोटर तापते.

हवा शिरते, पण डिझेल गळत नाही

‘गाडीने एअर घेतली’ हे गॅरेजमधले नेहमीचे वाक्य. चालकाला ते पटत नाही, कारण त्याने गाडीखाली वाकून पाहिलेले असते आणि डिझेल कुठेच ठिबकत नसते. गळत नाही तर हवा शिरेल कशी?

इथे वातावरणाचा दाब आठवावा. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो म्हणजे काय करतो? तो नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी करतो, आणि टाकीतल्या डिझेलवर रेललेली हवा ते नळीतून वर ढकलते. या भागात नळीला चीर पडली, क्लिप सैल झाली किंवा तांब्याचे वॉशर झिजले, तर दाब बाहेर जास्त आणि आत कमी असतो. त्यामुळे डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. फीड पंपाच्या पुढे मात्र उलट स्थिती असते. तिथे चीर पडली तर डिझेल ठिबकते. म्हणजे ठिबकणारा दोष पंपाच्या पुढचा आणि न ठिबकणारा बहुधा मागचा.

यावरून एक ओळखीचे लक्षणही उलगडते. काही गाड्या दिवसभर नीट चालतात, पण सकाळी पहिल्यांदा सुरू होताना छळतात. रात्रभरात चिरेतून थोडी थोडी हवा नळीत शिरते आणि नळीतले डिझेल आपल्या वजनाने टाकीकडे परत जाते. सकाळी पंपापाशी डिझेल नसतेच.

दाण्याएवढा बुडबुडा

थोडीशी हवा गेली तर एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. ४५ घन मिलिमीटरचा आकडा आता वापरू. मुख्य पंपापुढच्या पोलादी नळीत तेवढ्याच आकारमानाचा हवेचा एक बुडबुडा अडकला आहे असे समजा. त्याचा व्यास साडेचार मिलिमीटरच्या आत भरतो, म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा.

नॉझल उघडायला २०० वातावरण दाब हवा. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब दोनशे पट झाला की बुडबुड्याचे घनफळ दोनशेवा हिस्सा, म्हणजे ०.२ घन मिलिमीटरच्या आसपास होईल. झटकन दाबताना हवा तापते हे लक्षात घेतले तरी ते एक घन मिलिमीटरपर्यंतच राहील. म्हणजे पंपाने एका फेरीत ढकललेल्या ४५ पैकी ४४ घन मिलिमीटर डिझेल फक्त बुडबुड्याची जागा भरण्यात संपले! नॉझल उघडण्याइतका दाब होतो न होतो तोच पंपाचा दांडा मागे फिरतो, दाब उतरतो आणि बुडबुडा स्प्रिंगसारखा पुन्हा फुगतो. पुढच्या फेरीला तोच खेळ. सेल्फ कितीही मारला तरी डिझेल पुढे सरकत नाही. तेवढेच डिझेल त्या जागी असते, तर २०० वातावरणाला त्याचे घनफळ फार तर दीड टक्का घटले असते.

म्हणून यांत्रिक पंपाच्या गाडीत हवा बाहेर काढावीच लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा आणि फेस थांबून डिझेलची अखंड धार येईपर्यंत मारत राहायचा. या कृतीत निदानही होऊन जाते. धार लगेच अखंड आली, तर टाकीपासून फिल्टरपर्यंतचा मार्ग बहुधा ठीक आहे. पुष्कळ वेळ मारूनही बुडबुडे थांबत नसतील, तर हवा मागून शिरते आहे. आणि काहीच येत नसेल, तर मार्ग बंद आहे, फीड पंप निकामी आहे किंवा टाकी रिकामी आहे. टाकीचा काटा खोटे बोलू शकतो, हेही विसरू नये.

सपाटीवर चालते, घाटात दम सोडते

दुसरा एक प्रकार अधिक फसवा आहे. गाडी सुरू होते, उभ्या जागी छान चालते, गावातही तक्रार नसते. पण मुंबईला माल टाकून परतीचा माल भरला आणि खोपोलीहून बोरघाट चढू लागली, की दम सोडते.

कारण मागणीत आहे. उभ्या गाडीचे इंजिन तासाला एक लिटरहूनही कमी डिझेल पिते. पूर्ण भाराने चढण चढताना हीच मागणी पंधरा पटींच्या घरात जाते. अर्धवट तुंबलेला फिल्टर एक लिटर सहज जाऊ देतो, तेरा लिटर जाऊ देत नाही. विजेच्या मंडलात मोठा रोध असला तर बारीक दिवा लागतो पण मोटर फिरत नाही, तसेच हे आहे. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीची परीक्षा घेऊन ‘सगळे ठीक आहे’ म्हणणे पुरेसे नाही. दोष ज्या परिस्थितीत दिसतो, त्याच परिस्थितीत तो शोधावा लागतो.

याचाच एक भाऊ म्हणजे टाकीचे झाकण. टाकीतून डिझेल जाते तेवढी हवा आत यावी म्हणून सोय केलेली असते. चिखलाने किंवा धुळीने ती बुजली तर काय होईल? टाकीत डिझेलवर ३० लिटर हवा आहे आणि ५ लिटर डिझेल खर्च झाले, असे धरा. आता तीच हवा ३५ लिटर जागेत पसरली. तिचा दाब सातव्या हिश्शाने उतरला. पंपाला हे ओझे दीड मीटरहून अधिक उंचीवर डिझेल चढवण्याइतके पडते. गाडी काही वेळ धावते, मग अडखळते, थांबते. थोड्या वेळाने हवा झिरपून आत आली की पुन्हा सुरू होते. अशा वेळी झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ असा आवाज आला, तर निदान झाले. खर्च शून्य!

पाणी येते कुठून?

रात्री टाकीत दव साचते आणि त्याचे पाणी डिझेलमध्ये उतरते, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही, पण किती? संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये ३० अंश सेल्सियसला सुमारे ३० ग्रॅम वाफ असते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम. अर्ध्या रिकाम्या टाकीत ३० लिटर दमट हवा असेल आणि ती दहा अंशांनी थंड झाली, तर जमणारे पाणी ०.४ ग्रॅम. अशा शंभर रात्री गेल्या तर कुठे ४० ग्रॅम होतील. एका पावसात फिल्टरच्या तळाशी कपभर पाणी सापडले असेल, तर दवाला दोष न देता झाकणाचे रबर आणि डिझेल साठवण्याचे डबे-पिंपे तपासावीत.

पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. फिल्टरच्या बुडाशी ते काढून टाकण्याचा स्क्रू त्यासाठीच असतो. पाणी व डिझेल जिथे मिळतात त्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांची बुळबुळीत साय जाळी तुंबवते. पाण्याचा सर्वांत मोठा धोका मात्र पंपाला आहे. पंपाचा दांडा आणि त्याचे घर यांच्यामध्ये दोन ते चार मायक्रोमीटर एवढीच फट असते. आपला केस सुमारे सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी. तिथे वेगळे वंगण नाही. डिझेल हेच वंगण. पाणी किंवा रॉकेलची भेसळ यांनी हे वंगण पातळ पडते आणि पोलाद पोलादावर घासू लागते. डिझेलमधील गंधक कमी करतानाही वंगणाचा गुण घटतो. देशभर २०१७ च्या एप्रिलपासून दशलक्ष भागांत ५० आणि २०२० च्या एप्रिलपासून १० भाग एवढीच गंधकाची मर्यादा आहे. त्यामुळे तेलशुद्धीकरण कारखान्यांना वंगणगुण वाढवणारी द्रव्ये मिसळून ही उणीव भरून काढावी लागते.

निम्म्याने भागा

धूर नाही असे दिसल्यावर संशयित आठ धरू: झाकण, टाकीतील जाळी, नळी, फीड पंप, फिल्टर, विजेची झडप, मुख्य पंप आणि नॉझल. एकेक तपासत गेलो तर वाईट परिस्थितीत सात चाचण्या लागतील. त्याऐवजी मधोमध प्रश्न विचारला तर?

त्यासाठी मिस्त्री एक सुंदर युक्ती वापरतात. एका स्वच्छ डब्यात डिझेल घेऊन तो उंचावर टांगतात आणि आखूड पारदर्शक नळीने सरळ फिल्टरला जोडतात. गाडी सुरू होऊन नीट चालली, तर दोष झाकण, जाळी, नळी, फीड पंप या मागच्या भागात आहे. नाही चालली, तर पुढच्या भागात. आठांचे चार झाले. असेच आणखी निम्मे केले की दोन आणि मग एक. तीन चाचण्यांत उत्तर, कारण दोनाचा तिसरा घात आठ होतो.

अर्थात आठही संशयित सारखेच संशयास्पद नसतात. नळी आणि फिल्टर वारंवार बिघडतात, मुख्य पंप क्वचित. एखादा अनुभवी मिस्त्री थेट एखाद्या क्लिपवर बोट ठेवतो, तेव्हा त्याच्या मनात शेकडो गाड्यांवरून बनलेला संभाव्यतेचा तक्ता असतो. ‘आधी स्वस्त आणि वारंवार बिघडणारे, मग महाग आणि क्वचित बिघडणारे’ हा त्याचा नियम शास्त्रशुद्धच आहे.

आणखी एक पथ्य. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. फिल्टर बदलला, टाकी धुतली, क्लिपा आवळल्या आणि गाडी सुरू झाली, तर आनंद होतो, पण दोष कशात होता ते कळत नाही. आठवड्याने तो परत आला की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

नव्या गाड्या आणि एक इशारा

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉमन रेल पद्धत बाजारात आली. तिच्यात पंप सर्व नॉझलांसाठी एकाच जाड नळीत उच्च दाबाने डिझेल साठवतो आणि प्रत्येक नॉझल केव्हा, किती वेळ उघडायचे ते संगणक ठरवतो. नळीतला दाब पुरेसा झाला नाही, तर संगणक नॉझल उघडतच नाही. तो दाब तपासणी-यंत्राच्या पडद्यावर वाचता येतो. पण यंत्र ‘दाब कमी’ एवढेच सांगते. दाब कमी का, हे शोधायला पुन्हा तेच प्रश्न विचारावे लागतात: डिझेल पंपापर्यंत येते का, हवा शिरते का, की एखादे नॉझल जास्त डिझेल परत सोडते? चारही नॉझलांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडल्या, की ज्या बाटलीत सर्वांत जास्त डिझेल जमते ते नॉझल ओळखू येते.

जुन्या गाडीत इंजिन चालू असताना नॉझलचा नट सैल करून सिलिंडर तपासण्याची पद्धत होती. कॉमन रेलच्या गाडीत हे कधीही करू नये. तिथला दाब १६०० वातावरण आणि त्याहूनही अधिक असतो. अशी बारीक धार कातडी भेदून हातात शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत डिझेल पसरून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर वेदना नसली तरी लगेच रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाखालचे डिझेल शिरले आहे’ असे स्पष्ट सांगावे. जुन्या गाडीच्या नॉझलचा फवाराही हातावर घेऊ नये.

वर्गात काय करता येईल?

वर्गात डिझेल आणू नये. भारतीय मानकाप्रमाणे त्याचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सियस असावा लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात दुपारचे तापमान त्याच्या पुढे जाते. पाण्याने सगळे प्रयोग होतात.

पहिला प्रयोग: पारदर्शक प्लास्टिकच्या नळीला टाचणीने भोक पाडा. पाण्यात एक टोक बुडवून दुसरीकडून ओढा. भोकातून पाणी गळत नाही, पण नळीत बुडबुडे दिसतात. आता पाणी भरलेली मऊ बाटली त्याच नळीला जोडून दाबा. त्याच भोकातून कारंजे उडते.

दुसरा: सुई काढलेल्या दोन पिचकाऱ्या पाण्याने भरलेल्या नळीने जोडा. एक दाबली की दुसरी लगेच सरकते. मग नळीत थोडी हवा सोडा आणि फरक हाताला जाणवू द्या.

तिसरा: १ ते ६४ मधील एक संख्या एका विद्यार्थ्याने मनात धरावी आणि इतरांनी ‘होय-नाही’ अशा सहा प्रश्नांत ती ओळखावी.

हे झाल्यावर वर्गाला शाळेजवळच्या एखाद्या गॅरेजमध्ये न्यावे. दुरुस्तीला आलेल्या गाडीपाशी उभे राहून मिस्त्रींना दोनच प्रश्न विचारायला सांगावे: ‘तुम्ही आधी काय तपासलेत?’ आणि ‘तेच आधी का?’ मिळालेली उत्तरे विद्यार्थ्यांनी वहीत क्रमाने लिहावीत, आणि प्रत्येक उत्तरापुढे त्यामागचा पाठ्यपुस्तकातला नियम लिहावा. बहुतेक ओळींपुढे तो लिहिता येतो.